नाइस

समता कॉलोनी, रायपूर
२ डिसेंबर २००१

चि. चेतनास,
सप्रेम जय भीम.

आम्ही ठीक आहोत. आईचे गुडघे थंडीनं दुखून राहिले. राजधानी झाल्यापासून जिकडेतिकडे खोदकाम, घरात धूळच धूळ. विनोदिनी मावशीला जय भीम सांग. नागपूरची नोकरी मानवली का तुला?

शुक्रवारी मी रिटायर झालो. साहेबांनी मानपत्र इंग्रजीत लिहिलं आणि तपासायला मलाच दिलं. त्यात चार वेळा होतं, ‘नाइस मॅन’. दुसरा शब्द शोधावा म्हणून ऑफिसातली जाडी डिक्शनरी उघडली. ‘नाइस’चं मूळ लॅटिन निघालं. अर्थ, न जाणणारा. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख. चांगला हा अर्थ फार नंतरचा.

शेजारच्या टेबलावरचे हिरालाल बाबू हसले, “मतलब तीस साल से हम आपको बुद्धू बोल रहे थे, देवीदास भैया!” मीही हसलो. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

तुझे सासरे मला हेच म्हणायचे. तुला बीरगांवला परत सोडायला आलो, त्या दिवशीही चहा देताना म्हणाले, “व्याही, तुम्ही लय नाइस माणूस.” वाटेत रिक्षात तू म्हणाली होतीस, “बाबा, मले तिथं नका सोडू.” मी काहून म्हणूनही विचारलं नाही. तुझ्या मनगटावरचे वळ मी आदल्या दिवशीच पाहिले होते.

न जाणणारा म्हणून सुटायचीही सोय नाही मला, पोरी. मला माहीत होतं.

तू केस केल्यावर साक्षीचं बोलावणं दोनदा आलं. दोन्ही वेळा मी तब्येतीचं कारण लिहून पाठवलं. तब्येत चांगली होती.

काल तुझ्या वकिलाकडे गेलो. म्हटलं, जावयानं, इंद्रजीतनं पोरीला मारल्याचे वळ मी डोळ्यांनी पाहिले, लिहून घ्या. त्यांनी विचारलं, “पहले क्यों नहीं बोले?” मी खाली मान घालून सही केली.

सतरा तारखेला अकरा वाजता साक्ष आहे. आई म्हणते, समाजात तोंड कसं दाखवायचं. फार थकलो आहे, पण मी जाणार आहे. तू यायलाच पाहिजे असं नाही. आलीस आणि माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर नको बोलू.

तुझा म्हणवून घ्यायला कचरणारा,
बाबा