ताटातलं खुरपं

आई, परवा सांगलीत माझ्या नातीचं उष्टावण झालं. खिरीचं बोट चाटवून तिला सतरंजीवर बसवलं आणि आपल्या रीतीप्रमाणे समोर ताट ठेवलं. बाळ ज्याला हात घालेल, ते मोठेपणी होणार. मुलानं स्टेथोस्कोप ठेवला, सुनेनं पेन. इस्लामपूरकडून आलेल्या माझ्या आत्यानं पिशवीतून खुरपं काढलं. मीच ते पदरानं पुसून ताटात ठेवलं.

नातीनं सरळ खुरप्याची मूठ धरली. कुणी काही बोलायच्या आत मी ते काढून घेतलं आणि पेन पुढे सरकवलं. आत्या बोळकं पसरून हसली. "आगं, वैनीनं तुझ्या येळंला ह्येच केलं हुतं की! तूबी खुरपंच धरलं हुतंस."

मी लेखणी उचलली, असं तू मला सांगितलं होतंस. साऱ्या आळीला सांगितलं होतंस. म्हणून तर दादा फौजी व्हायचं म्हणायचा तेव्हा मी मास्तरीण म्हणायचे. गोठ्यात शेळ्यांची हजेरी घेतेय, आणि तू चुलीपुढून ओरडतेस, "मास्तरीणबाई, पोरींना पाणी दावलं का?" पुढं साताऱ्याच्या शाळेत सगळी नोकरी केली, आनंदानं केली. पण ते स्वप्न माझं मला पडलं होतं, की तू सांगितलंस म्हणून पडलं? विचार करते आणि गोंधळते. नोकरी आवडली नसती तर सोपं होतं, तुझ्यावर रागावता आलं असतं.

एकदा सुट्टीत भुईमुगाच्या रानात मी बायकांबरोबर खुरपणीच्या पातीला लागले होते. हात भराभर चालत होता, लय बरं वाटत होतं. तू मागून येऊन खुरपं हिसकावलंस. "माझ्या हातात हाय तेवढं बास. तू घरला जा, पुस्तक धर." ऊन लागेल म्हणून बोललीस, असं मी तेव्हा धरून चालले.

आता वाटतं, माझ्या उष्टावणालाही कदाचित तेवढंच असेल. लेकराचं बोट कापेल म्हणून काढलं असशील. धार होती का गं त्याला?

परवा नातीनं मग पेन धरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. सुनेनं विचारलं, "आई, खुरपं का काढलंत?" मी म्हटलं, "धार होती." हे तुलाच सांगते: पुसतानाच मी त्यावर बोट फिरवून पाहिलं होतं. धार कधीच गेली होती.