लांब बाही

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
सोमवार, ता. १८ ऑगस्ट २०२५

जावईबापू सोमेशराव यांस,

हितं मी आनि काव्या बऱ्या हाव. तितं बार्शीला तुमी, तुमची मंडळी बरी असतील. पाऊस हिकडं नावालाच. पत्र तुमच्या आडतीच्या पत्त्यावर टाकलंय, घरी न्हाई. घरी कुनाच्या हातात पडायला नको. फोन केला असता, पन तुमी हां हां म्हनता नि ठिवता. चौथी शिकलेलीचं अक्षर हाय, लावून वाचा.

काव्याचं दुकान निगतंय. सात रस्त्याला, मेडिकलच्या वरची खोली. चतुर्थीला उघडायचं. फीत कापायला बाप पायजे म्हनती. मी म्हनलं, दार हाय की, ढकललं की उघडतंय. "आज्जी, तू गप," म्हनली. तिनं तुमाला फोन केला, तुमी व्हय म्हनलात. म्हनून लिहायलेय.

तुमी दुसरं लगीन केलं तवापासनं ती माझ्याजवळ. माझंच काम शिकली. दिवसा आमी दोघी युनिफॉर्मवाल्यांना कागदाचे फर्मे काडून देतो. त्यो फर्मा कापडावर ठिवून त्यांची मानसं बेतत्यात. नोकरी कुनाची न्हाई. कुंभारीला एक कारखाना, बाकी गावातले, बोलवतील तसं जायाचं. उरल्या येळात पोरीचं सोताचं चालतं. जुन्या तऱ्हेचे झंपर, पोलकी, इरकलीचे झगे. पोरी लई हौसेनं घेत्यात. दुकानाला नाव 'वैजयंती' दिलंय. मला इचारलं न्हाई.

आता खरं काम.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक वारलं की त्याचा फर्मा फाडत्यात. काव्याचे आजोबा हातानं फाडायचे. गेलेल्याच्या मापात जित्तं मानूस घालू ने म्हनायचे. वैजीचा फर्मा मी फाडला न्हाई. खिळ्याला समद्यांच्या खाली अडकवला. मी कुंभारीला गेलेली, तवर काव्यानं त्यो हुडकला.

"आज्जी, ह्यो अख्खा कसा? अर्धा असतो की."

बराबर हाय. कापडाची घडी घालायची, वर अर्धा फर्मा ठिवायचा, दोनी बाजू सारक्या निगत्यात. अख्खा काडावा लागला म्हंजे मान्साच्या दोन बाजू एक न्हाईत.

"आईचा हाय," म्हनलं. पुढं बोलले न्हाई. पोरगी त्यो कागद छातीला धरून बसली. आई तिला आठवत न्हाई, एवढंच हाताला लागलं. काडून कसं घेऊ?

तिनं त्याच्यावर झंपर बेतले. डावा खांदा उतरता, तसाच ठिवला. बाही कोपराच्या खाली, तशीच ठिवली. आनि सोमेशराव, बाकी माल पडून हाय, ह्योच खपायलाय.

घालनारी बाई आपोआप डावीकडं कलती, झंपर नीट बसावा म्हनून. तिला कळत बी न्हाई. फोनवर फोटो येत्यात, तोंडं परक्यांची नि उभं ऱ्हानं वैजीचं. परवा सात रस्त्याला रिक्षात चढताना एक पाठ बघितली. भर रस्त्यात मी वरडले, "वैजेऽ!" बाई वळली. कोन कुटली. "काय आज्जी?" म्हनली आनि बाही खाली ओढली. समद्या ओढत्यात. काव्या बी ओढती, आरशापुढं. आईला तिनं तसं करताना बघितलेलं न्हाई. मला आता घरात आरशाकडं तोंड करून बसवत न्हाई.

वैजी काविळीनं गेली. त्यात तुमचं काय न्हाई, मी कदी म्हनलं न्हाई. पन त्याच्या आदल्या दिवाळीला माहेरी आलेली, तवाचा ह्यो फर्मा.

"खांदा कशानं गं उतरला?"

"यष्टीतनं पडले, अव्वा."

दंडाला टेप लावली. दंडावर बोटं उमटलेली. निळी.

"यष्टीला बोटं असत्यात व्हय गं?"

हासली. माझ्या हातातली टेप कोपराच्या खाली सरकवली नि म्हनली, "अव्वा, बाही हितवर घे. लोकांना फॅशन वाटंल."

मी घेतली.

तू ओढलंस तिला. हाताला धरून ओढलंस, खांदा निखळंस्तवर. मला कुनी सांगितलं न्हाई. माप घेनारीला सांगावं लागत न्हाई.

चतुर्थीला काव्या माईकवर बोलनार हाय. "ही बाही माझ्या आईनं काडली. तिला नटायची आवड होती." रोज घोकायलीय. शेजारी तुमी कातर घेऊन हासत उभं. ते मला बघवनार न्हाई.

चार लोकांत मी तोंड उघडनार न्हाई, तसला तमाशा मला जमत न्हाई. तुमी चतुर्थीच्या आदी, ह्या रविवारीच या. आडत बंद असती. पोरीसमोर बसा आनि बाही लांब का केली ते तुमच्या तोंडानं सांगा. रडू नका, पाया पडू नका. सांगा नि गप बसा, ती काय बोलंल ते ऐका. मी घरात थांबनार न्हाई, देवळात जाऊन बसते. तुमी न्हाई आलात तर सोमवारी मी सांगनार. तुमच्याकडनं कळलं तर निदान एकदा बाप खरं बोलला, एवढं तरी तिच्याजवळ ऱ्हाईल. माझ्याकडनं कळलं तर ते बी ऱ्हानार न्हाई.

पुढच्या मालाचं कापड टेबलावर पसरून पडलंय. "आज्जी, लाव की कातर," म्हनती. मी म्हनते मनगट दुखतंय. दुखत न्हाई.

ही बाही चालू ठिवायची का बंद करायची, ते तिचं ती बघंल. तुमाला दारात घ्यायचं का न्हाई ते बी.

जावयाला आशीर्वाद लिहायची रीत हाय. मी लिहिला न्हाई, इसरून न्हाई.

वैजयंतीची आई