सातवी फळी

आई, मी एक लबाडी केलीय. तुझी गोधडी एका मेलेल्या जपानी माणसाच्या नावावर खपवलीय. थांब, हात उचलू नकोस, आधी ऐक.

इथे जपानात त्सुकुबा शहराबाहेर शेतावर कामाला आहे मी, कांद्याची पात काढायच्या. एका म्हातारीच्या घरामागच्या खोलीत राहतो. तिचं कुणी नाही. तिच्या नवऱ्याने अमेरिकेत पाहिलं होतं म्हणे, तिथले शेतकरी मोठ्या चौकोनी फळीवर गोधडीची नक्षी रंगवतात आणि कोठारावर टांगतात. हाही रंगवायला लागला. सहा फळ्या अवजारांच्या शेडवर लावल्या, सातवीसाठी खिळे ठोकले आणि गेला. रिकाम्या खिळ्यांकडे बघून म्हातारी रोज म्हणायची, "एक राहिलीच यांची."

मला ती सातवी खताच्या पोत्यांमागे सापडली, नुसता पांढऱ्या रंगाचा हात मारलेली. दर मंगळवारी म्हातारीला डे-सर्व्हिसची, म्हणजे म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राची गाडी नेते, तेव्हा रंगवायला बसायचो. पेन्सिलीने चौकोन आखायचे, चिकटपट्टी नखाने घासून बसवायची, नाहीतर रंग खाली शिरतो. त्याच्याच नक्षीची नक्कल करणार होतो, पण हात तुझ्याकडे वळला. मी लहान आहे, तू ओट्याला टेकून बसलीयेस, मी पतंगाच्या शेपटीसाठी तुझी चांगली लाल साडी कापलीय. कानाखाली एक सणसणीत बसते. मग त्याच साडीचा तिकोन तू गोधडीत लावतेस. बाकी सगळ्यांची टोकं वर, याचं खाली. "हा तू. सगळ्यात एक उलटं कार्टं."

फळीवरही तो उलटाच काढला.

"ओबाचान, पोत्यांमागे काय सापडलं बघा!" ओबाचान म्हणजे आजी. चहा होईपर्यंत फसवायचं, मग हसून सांगून टाकायचं, एवढाच बेत.

"रंग अगदी ताजा दिसतो रे."

"ऊन नाही ना लागलं," मी म्हटलं. तोंड काय, चालूच असतं माझं.

तिने उलट्या तिकोनावर बोट ठेवलं. "शेवटी हात थरथरायचे त्यांचे. बघ, इथे चुकले." आणि फळीसमोर कमरेत वाकली. कामावरून आलेल्या माणसाला इथे म्हणतात तसं म्हणाली, "दमलात हो."

चहा गार झाला. मी फळी उचलली आणि रिकाम्या खिळ्यांवर टांगली.

आता ती रोज सकाळी फळीशी गप्पा मारते. मला जेवायला हाक मारते, आधी मारायची नाही. खरं सांगितलं तर तिचा म्हातारा दुसऱ्यांदा जाईल. नाही सांगितलं तर तुझं काहीच उरत नाही गं. खरी गोधडी काकूने तू गेलीस त्याच वर्षी टाकून दिली. तो लाल तिकोन म्हणजे मी, हे ओळखणारं अख्ख्या जपानात कुणी नाही.

कामावर निघताना शेडपाशी सायकल हळू करतो आणि म्हणतो, "येतो गं." म्हातारीला वाटतं, तिलाच म्हणतो. तीही हात हलवते.

इथल्या टपालपेटीला दोन तोंडं असतात, एक साध्या पत्रांसाठी, एक बाकी सगळ्यासाठी. तुला लिहिलेलं हे पत्र दोन्हीत बसत नाही, म्हणून गादीखाली ठेवतोय. एक मात्र खरंय, तो तिकोन काढताना हात थरथरला होता. माझा. पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. तिकडे तिचा म्हातारा भेटला, तर त्याला तर मुळीच नको.