तोंडाला फासलेला स्ट्रोप

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६, हूफडॉर्प

राग अजून उतरत नाही. सकाळी मीटिंगमध्ये मी आमच्या टीम लीडच्या, पीटरच्या, डिझाइनचं मनापासून कौतुक केलं. तो शेजारच्याला डचमध्ये म्हणाला, "बाई माझ्या तोंडाला स्ट्रोप फासतेय." सगळे हसले. मीही हसले! स्ट्रोप म्हणजे काकवीसारखा पाक, एवढंच ठाऊक होतं.

जेवणाच्या सुट्टीत शब्दकोश उघडला. स्ट्रोप फासणं म्हणजे लाळघोटेपणा करणं. मी लाळघोटी? खाली व्युत्पत्ती होती: मूळ अरबी. म्हणजे आपल्या सरबताचाच भाऊबंद. बाहेरूनच आला, पण त्याला इथे कोणी परका म्हणत नाही.

तशीच पीटरच्या टेबलाशी गेले. "स्ट्रोप फासायला मला वेळ नाही. डिझाइन चांगलं होतं, म्हणून चांगलं म्हटलं."

"अगं, गंमत केली."

"सगळ्यांसमोर केलीस ना? मग माफीही सगळ्यांसमोर माग."

तो स्क्रीनकडे वळून टाइप करायला लागला. माफी नाहीच.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. मंदार म्हणाला, "सोडून दे, त्याच्याच हाताखाली काम करायचंय." का सोडू? वर हसून विचारतो, "पण थोडा मस्का होताच ना?"

त्याच्याशीही बोलणं बंद.