बारा मुलं आणि एकही उत्तर नाही

९ मार्च २०२५, रविवार. बेथेल, अलास्का

वजन विचारलं! सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात.

इथून पुढचं विमान म्हणजे सहा माणसांचा डबा. कोण किती जड, त्यावरून कोणी कुठे बसायचं ते ठरतं. काउंटरवर आयरीन नावाची बाई, हातात पेन्सिल. आणि माझ्या शेजारी नेत्रा! ती शिकवते त्या गावाहून मला न्यायला इथवर आलेली. आठ महिन्यांनी दिसली. टोपी आणि मफलरमधून नुसतं नाक दिसत होतं, पण नेत्राचं नाक. अशा वेळी माणूस एकशे ब्याण्णव पौंड म्हणेल का? मी एकशे पासष्ट म्हणालो.

आयरीनने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. मी विचारलं, एवढ्या वाऱ्यात हे विमान उडतं का? उत्तर नाही. नुसत्या भुवया उडवल्या. उद्धट! मग मीही उद्धटपणे बसून राहिलो.

आईने दिलेल्या भाकरवडीचं वजन वेगळं विचारलं. ते खरं सांगितलं.

१० मार्च, सोमवार. गाव

साडेतीनशे माणसं. बाहेरून यायला रस्ता नाही. नदी गोठली की तीच रस्ता. शाळेत आठवी ते बारावी मिळून बारा मुलं. नेत्रा त्यांना सायन्स शिकवते, आणि या आठवड्यात तिने ‘पुढे काय?’ असा कार्यक्रम ठेवलाय — शाळा संपल्यावर काय काय करता येतं ते मुलांना कळावं म्हणून. ओळखीच्या सगळ्यांना तिने मेल केली होती की या, तुमचा रस्ता सांगा. सगळे म्हणाले व्हिडिओवर बोलतो. प्रत्यक्ष आलेला गाढव मी एकटा.

शाळेच्या दारावर कागद लावलाय: ‘शुक्रवार — निहार, मेकॅनिकल इंजिनियरिंग, तिसरं वर्ष.’ मीच फॉर्मवर तसं लिहिलं होतं. खरं म्हणजे त्या तिसऱ्या वर्षातून मी ऑक्टोबरमध्येच बाहेर पडलो. प्रोफेसर म्हणाला तुझं ड्रॉइंग चुकीचं आहे, मी म्हणालो तुमचं डोकं चुकीचं आहे. आता घराजवळच, आयसेलिनला देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर मोबाइल रिपेअरच्या दुकानात बसतो. बाबांना माहीत आहे. आयसेलिनच्या अर्ध्या काकूंना माहीत आहे. नेत्राला नाही.

शुक्रवारच्या आत सांगायचं. ती एकदा म्हणाली होती, “अर्धवट सोडणारी माणसं मला कळतच नाहीत यार.” ते एका सिरियलबद्दल होतं. पण तरी.

११ मार्च, मंगळवार

आमच्या ओळखीतले वेस्ट विंडसरचे एकनाथ काका व्हिडिओवर आले. रिटायर्ड हार्ट सर्जन, सूट, मागे सर्टिफिकेटांची भिंत. चाळीस मिनिटं बोलले. त्यातली अकरा मिनिटं इंटरनेट अडकलं आणि काका तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठले. मुलांनी तेवढाच भाग मन लावून पाहिला.

शेवटी काकांनी विचारलं, कोणाकोणाला डॉक्टर व्हायला आवडेल? बारा मुलं बघत राहिली. एकही शब्द नाही! काकांचा चेहरा पडला. माझं डोकं फिरलं. माणूस ऐंशीच्या घरातला, तुमच्यासाठी टाय बांधून बसलाय!

नेत्रा मात्र खुशीत. म्हणे छान झालं. प्रेमात पडलो म्हणून काय, हिला काहीच दिसत नाही हे मला दिसतं.

१२ मार्च, बुधवार

आज मला काम दिलं — प्रत्येक मुलाला प्रश्न विचारून त्याचा फॉर्म भरायचा. उघड्यावर काम करायला आवडतं का? यंत्रं उघडून बघायला आवडतं का? आजारी माणसाजवळ बसायला आवडतं का?

पहिली डार्लीन, पंधरा वर्षांची. सकाळी स्नोमशीनवर — म्हणजे बर्फावरची मोटरसायकलच — तीन भावंडांना मागे बसवून शाळेत आणते. मी विचारलं, यंत्रं आवडतात? गप्प. परत विचारलं. गप्प. तिसऱ्यांदा नुसत्या भुवया वर. चौथ्यांदा ओरडूनच विचारलं. तेव्हा म्हणाली, “तू एकच गोष्ट किती वेळा विचारतोस?”

मी लिहिलं: उत्तर नाही. बाराच्या बारा फॉर्मवर तेच लिहिलं. हात दुखला.

दुपारी शाळेचा एक बंद पडलेला टॅब्लेट दिसला. चार्जिंगची जागा ढिली झालेली. स्क्रू-ड्रायव्हरचा संच माझ्या खिशातच असतो. वीस मिनिटांत चालू केला. मग कपाटातून आणखी आठ निघाले. मुलं एवढी दाटीने बसली की मला हात हलवता येईना. डार्लीनने दोन स्वतः केले, माझ्यापेक्षा सफाईने. नेत्रा दारातून बघत होती. मी पोट आत घेतलं आणि पाऊण तास आतच ठेवलं.

१३ मार्च, गुरुवार

आज सांगणारच होतो. पण तिने भाकरवडी तोंडात टाकून डोळे मिटले. नाही सांगितलं.

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं. सगळ्यांना एकदम.

भाषण पाठ होतं. इंजिनियर म्हणजे काय, कॉलेज म्हणजे काय. दोन मिनिटं झाली असतील. डार्लीनने हात वर केला. “टॅब्लेट उघडायला कॉलेजात शिकवतात?”

नाही म्हणालो, दुकानात शिकलो. कुठल्या दुकानात? मी जिथे काम करतो तिथे. मग कॉलेजला कधी जातोस?

हो ना, कधी जातो! मागे नेत्रा उभी. मी म्हणालो, जात नाही. सोडलं. रागात सोडलं, आणि ड्रॉइंग माझंच चुकलं होतं हे घरी येऊन कळलं. (हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.) मग मुलांनी दुकानाबद्दल विचारलं. किती फोन येतात, पाण्यात पडलेला वाचतो का, मालक ओरडतो का. अर्धा तास!

नंतर शाळेच्या स्वयंपाकघरात नेत्राला गाठलं. ती मोठी किटली दोन्ही हातांत धरून उभी, वाफेत चेहरा. मी एका दमात बोललो. म्हटलं, मुलांसाठी आलो असं सांगितलं तेही खोटं, मी तुझ्यासाठी आलो. कॉलेज सोडलेला, डोकं फिरणारा मुलगा तुला चालेल का?

तिने माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या.

बस. एवढंच. काय? परत बोल, हिंमत असेल तर! — आमच्याकडे त्याचा अर्थ हाच. मी आठवीपर्यंत पुण्यात होतो, असल्या भुवयांवरून शाळेत मारामाऱ्या झाल्यात. मी म्हणालो, कळलं मला उत्तर.

“कळलं ना? मग चाललास कुठे?”

वर टोमणा! दार आपटायला गेलो तर ते आपोआप हळूहळू बंद होणारं निघालं.

उद्याच्या विमानाला नाव लावलंय.

१५ मार्च, शनिवार. विमानाच्या पट्टीवर

नेत्रा सकाळीच मुलांना घेऊन नदीवर, बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेली. मला सांगितलं नाही, चिठ्ठीही नाही. डार्लीनने स्नोमशीनवर पट्टीपर्यंत सोडलं. उतरताना मी तिला विचारलं, नेत्रा माझ्यावर चिडली आहे का? तिने नाक मुरडलं. म्हणजे आता हिलाही मी नकोसा झालो.

त्याच दिवशी, संध्याकाळ. बेथेल

थांब. थांब थांब थांब.

आयरीनला विचारलं, अँकरेजचं विमान वेळेवर आहे का? तिने भुवया उडवल्या. परत विचारलं. परत तेच. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला — तोंडाने बोलता येत नाही का?

ती शांतपणे म्हणाली, “तीनदा हो म्हटलं. अजून कसं म्हणू?”

कधी म्हटलं? तिने भुवया वर केल्या आणि बोटाने दाखवल्या. इथे हो असंच म्हणतात! सगळे. लहानपणापासून. आणि नाही कसं म्हणतात? तिने नाक मुरडलं.

मी खुर्चीत बसलो. म्हणजे बारा मुलं तीन दिवस हो म्हणत होती. एकनाथ काकांना किती जण हो म्हणाले ते मी बघितलंच नाही, मी चिडण्यात गुंतलो होतो. डार्लीनने यंत्रांना तीन वेळा हो म्हटलं. आणि बारा फॉर्म, ‘उत्तर नाही’ लिहिलेले, माझ्या बॅगेत! रागाच्या भरात तेही घेऊन आलो.

आणि नेत्रा. आठ महिने इथे राहते. पण मूळची पार्ल्याची. तिच्या भुवया कुठल्या? पार्ल्याच्या की गावच्या?

कळलं ना, मग चाललास कुठे.

टोमणा नव्हता तो. गाढवा, ती विचारत होती!

फोन लावला. नदीवर रेंज नाही. अँकरेजच्या विमानाची घोषणा झाली. माझं नाव दोनदा पुकारलं. मी बसून राहिलो.

१६ मार्च, रविवार. बेथेल

आयरीनने वजन विचारलं. एकशे ब्याण्णव, म्हणालो. तिने गेल्या रविवारचा कागद काढून दाखवला. तेव्हाही तिने एकशे ब्याण्णवच लिहिलं होतं.

गावाच्या विमानात जागा आहे का, विचारलं. तिने भुवया उडवल्या. मी बॅग उचलली.