दार न उघडणारी घरं

प्रिय ईशू,

परवा जयमालामावशीने फोनवर तुझ्या नोकरीबद्दल विचारलं. आई म्हणाली, "शाळेत न येणाऱ्या मुलांच्या घरी जाते ती." पलीकडून "म्हणजे नक्की काय करते?" असं आलं असावं, कारण आईने फोन माझ्या हातात दिला. मग मावशीला बराच इतिहास ऐकावा लागला.

तुला ब्रॅडफर्डला नोकरी लागल्यापासून मी इथे टोकियोत, आपल्या तोयोसुच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचतोय. १८७० साली इंग्लंडात गावोगावी शाळा काढायचा कायदा झाला. पण शाळा काढली म्हणून मुलं थोडीच येतात? हजेरीची सक्ती सगळीकडे व्हायला आणखी दहा वर्षं लागली, तीही जेमतेम दहाव्या वर्षापर्यंत, आणि फी बहुतेकांना भरायचीच. मग घरोघर माणसं पाठवली. कुणी दार लावून घेतलं, कुणी अंगावर धावून गेलं. त्या आयांचंही काय चुकलं? पोराची मजुरी बुडाली की चूल अडायची. तुमच्या ब्रॅडफर्डच्या कापडगिरण्यांत तर मुलं अर्धा दिवस यंत्रांपाशी आणि अर्धा दिवस वर्गात, बाकावर डोकं टेकून पेंगणारी. ही अर्धवेळाची पद्धत बंद करणारा कायदा व्हायला १९१८ उजाडलं. एवढी वर्षं कुणीतरी चिकाटीने दारं वाजवत राहिलं. पगार बेताचा, मान त्याहून बेताचा. वाचताना मला सारखी तू दिसतेस, पावसात पत्ता शोधणारी.

तू नऊ वर्षांची असतानाचा तो मार्चमधला भूकंप आठवतो का? मी तुला आणि आईला पुण्याला पाठवलं होतं. एप्रिलमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं तशा तुझ्या वर्गाच्या बाई, मोरिता-सेन्सेई, सायकलवरून घरी आल्या. मी एकटाच होतो. मी म्हटलं, "आम्ही परदेशी. इथला सक्तीचा कायदा आम्हाला लागू नाही." त्या म्हणाल्या, "हो, तुम्ही बांधलेले नाही. पण मी तिची बाई आहे." जूनमध्ये तुम्ही परतलात ते मी त्या रात्री आईला फोन केला म्हणून. हे तुला कधी सांगितलंच नव्हतं.

आता माझं काम. निवृत्तीनंतर वस्तीतल्या स्वयंसेवकांत नाव दिलंय. शाळेत न जाणाऱ्या भारतीय मुलांच्या घरी जायचं. आमच्याच मागच्या इमारतीत एक मराठी कुटुंब आहे. आई-वडील दोघंही कामावर, आणि बारा वर्षांची स्वरूपा धाकट्या भावाला सांभाळत घरी. तिची आई इंटरकॉमवरूनच बोलते, "काका, पुढच्या वर्षी परत जाणार आम्ही. आता कशाला शाळा?" मागच्या वर्षीही ती हेच म्हणाली होती, असं शेजारीण सांगते. भावासाठी पाळणाघराची चौकशी मी करून ठेवलीय. पण ते सांगायचं तर आधी दार उघडायला हवं, आणि तीनदा जाऊनही ते उघडलेलं नाही. बँकेत चाळीस वर्षं लोक माझ्याकडे यायचे, मला कुणाकडे जायची सवय नाही गं. शनिवारी पुन्हा जाणार आहे. त्याआधी मला एवढं कळव, पहिलं वाक्य तू काय बोलतेस?

तुझाच,
आणि या कामात तुझ्या हाताखालचा,
बाबा