मालकांची साखर

११ जानेवारी
लिही बाबा, बोलते आहे. हा फोन मालकांचा. अर्धांगाचा झटका आला, मालकांची वाचा गेली, फोन नुसता पडून. काव्यानं, माझ्या नातीनं, शिकवलं — माईकचं चित्र दाबायचं नि बोलायचं. ऐकेल ते हा लिहितो, तारीखसुद्धा घालतो. मला अक्षर येत नाही ते ह्याला ठाऊक नाही. भला आहे!

डॉक्टर म्हणाले, वाचा परत यायची फार आशा धरू नका. लेकानं, चन्नवीरनं, मान डोलावली. मीही डोलावली. सून कीर्ती तेवढी ताठ बसून होती. जेऊरची आहे, डॉक्टरचंही ऐकायची नाही.

१३ जानेवारी
कीर्ती रोज सकाळी सासऱ्यापुढं बसते. कप हातात धरते, देत नाही. "मामा, काहीतरी म्हणा, मग चहा." मी म्हटलं, "अगं, धड होते तेव्हा तरी कुठं बोलत होते?" मालकांना हसू फुटलं, चहा सांडला. मला खोलीबाहेर काढलं! जाता जाता म्हटलं, ते बोलले तर मी जन्मभर गप्प बसेन. ती म्हणाली, "लागली पैज, आत्या."

१५ जानेवारी
सगळे गड्ड्याच्या जत्रेला. कीर्ती गेली नाही. मालक गप्पच.

२२ जानेवारी
"आत्या, मामा साखर म्हणाले!" — धावत आली, पदर कुठं, कप कुठं. ह्या माणसानं जन्मात गोड चहा घेतला नाही. म्हटलं, झटक्यानं जीभही फिरली असेल. चन्नवीर एमआयडीसीतून आला तो चपलांसकट आत, बापाकडं नुसता बघत बसला. काय छाती आहे पोरीची! आम्ही सगळ्यांनी सोडलेला माणूस हिनं एकटीनं धरून ठेवला.

२७ जानेवारी
मालक रोज साखर म्हणतात, ही रोज वाढवते. चहा कसला, पाक! तरी म्हणे ते आणखी जोरात मागतात.

२८ जानेवारी
आज दाराआड उभी राहिले. "साकु! साकु!" अगं बाई, साखर कुठली! साकु म्हणजे कानडीत पुरे. माणूस कळवळून पुरे पुरे म्हणतोय आणि ही घालतेय साखर! हसून हसून उंबऱ्यावरच बसले.

मालक मूळचे अक्कलकोटाकडचे. माझं माहेर बार्शीचं, लग्नाआधी कानडीचा गंध नव्हता. पहिला शब्द त्यांनीच शिकवला — बा. म्हणजे ये. माझी, नागूबाईची, नागव्वाही त्यांनीच केली. दुसरं कुणी तसं म्हणत नाही. पुढं सासूबाई गेल्या नि घरातली कानडीही गेली. आता वरची मराठी उडाली, तळाची कानडी राहिली.

कीर्तीचे डोळे भरले. "म्हणजे मी रोज मामांचा छळच केला?" म्हटलं, "केलास की. म्हणून तर बोलले. मी नुसती पाय चेपत बसले होते." लगेच डोळे पुसून म्हणते कशी, पैज हरलात! मी कसली हरते? पुरे म्हणणं म्हणजे काय बोलणं? माझं नाव घेऊ देत, मग बघू.

३१ जानेवारी
आता ती कानडीतून विचारते, "चहा बेकु?" म्हणजे, हवा का. कानडी अक्कलकोटची, हेल जेऊरचा. मालक डोळे मिटून सोसतात.

३ फेब्रुवारी
साकु झालं, बेकु झालं. काल पाणीही मागितलं. माझं नाव नाही. पैजेत थट्टेनं घातलं खरं, पण आता रोज दाराशी कान लावून उभी राहते. राहवलं नाही, कीर्तीला विचारलंच — येईल का गं? "येईल की, आत्या." साखर येईल म्हणावं तितक्या सहज! डॉक्टरपेक्षा हिच्यावर भरवसा बसायला लागलाय.

उद्या भाकरी थापायला जाताना फोन चालू करून त्यांच्या उशाशी ठेवणार. तुमचाच आहे, बोला की.

४ फेब्रुवारी
नागव्वा
फोन साकु
बा